नोंदीची माहिती होताना : रिद्धपूर, ग्रिअर्सन आणि आपली इंग्रजी

‘डेटा’ला मराठीत ‘विदा’ म्हणावे, असे गेली काही वर्षे सुचवले जाते. शब्द छोटा आहे, उच्चाराला सोपा आहे आणि ‘विद्’ या धातूपासून आल्यामुळे कुळानेही चांगला आहे. माझा आक्षेप त्या कुळालाच आहे. ‘विद्’ म्हणजे जाणणे. डेटा म्हणजे तर जे अजून जाणलेले नाही ते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता ‘दिलेले’ एवढाच आहे. जाणण्याची क्रिया त्यानंतर सुरू होते, आणि ‘विदा’ हा शब्द ती आधीच उरकून टाकतो. म्हणून या लेखात मी ‘नोंद’ हा साधा शब्द वापरतो. त्यात आणखी एक सोय आहे. नोंद म्हटले की ती कोणीतरी केली हे आपोआप येते. जगात काही ‘दिलेले’ नसते; कोणीतरी वही घेऊन येतो, काही लिहितो आणि काही लिहीत नाही.

नोंद आणि माहिती यांतला फरक वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगण्यासाठी संगणकशास्त्राच्या पुस्तकाची गरज नाही. पैसेवारी पुरेशी आहे. जुनी माणसे अजून आणेवारी म्हणतात. गावातले काही प्लॉट निवडायचे, तिथले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. तराजूवर जे आले ती नोंद. मग ते प्रमाण उत्पन्नाशी ताडायचे आणि रुपयात किती पैसे पीक आले ते काढायचे. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि डिसेंबरअखेर अंतिम. आकडा पन्नासच्या खाली आला तर सवलतींचा रस्ता उघडतो, वर राहिला तर बंद. सत्तेचाळीस आणि बावन्न यांत तराजूच्या दृष्टीने फारसे अंतर नाही, पण त्या दोहोंमध्ये कोणीतरी एक रेघ ओढून ठेवली आहे. त्या रेघेमुळे सत्तेचाळीस ही माहिती होते. पारावर बसलेला शेतकरी ‘यंदा सोयाबीन गेलं भाऊ’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे नोंद आहे, अनुभव आहे, कदाचित शहाणपणही आहे. पण रेघ त्याच्याकडे नाही. ती ज्या भाषेत ओढली जाते, ती भाषाही बहुधा त्याची नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय ही भाषा आहे. इंग्रजी ही जगाची भाषा झाली, ती शिकल्यावाचून गत्यंतर नाही, हे आता कोणाला पटवावे लागत नाही. परतवाड्याच्या कोणत्याही रस्त्यावर नजर टाकली तर ते पाट्यांवरून कळते. पण ती का शिकायची याचे जे उत्तर सर्वत्र दिले जाते — ‘सगळी माहिती इंग्रजीत आहे’ — ते तपासून पाहण्यासारखे आहे. माहिती इंग्रजीत ‘आहे’ की इंग्रजीत ‘केली जाते’? दोन्ही गोष्टी एक नव्हेत. आणि हे तपासण्यासाठी आमच्या मुलखाइतका सोयीचा मुलूख दुसरा नसावा, कारण हा वाद इथे सातशे वर्षांपूर्वी एकदा झालेला आहे. त्या वेळी जगाची भाषा संस्कृत होती.

परतवाड्याहून चांदूरबाजारच्या बाजूने गेले की तासाभराच्या अंतरावर रिद्धपूर लागते. श्रीचक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यानंतर त्यांचे शिष्य इथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. तेराव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकातली ही गोष्ट. नागदेवाचार्य चक्रधरांच्या आठवणींचे मनन करीत, आणि म्हाइंभटांनी त्या आठवणी लिहून काढायचे मनावर घेतले. ‘लीळाचरित्र’ या ग्रंथाबद्दल मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण शाळेपासून ऐकतो. तो वाङ्मयीन गुणांसाठी वाचला जातो आणि ते योग्यच आहे. पण मला त्याची कृती अधिक विलक्षण वाटते. म्हाइंभट गावोगाव हिंडले. जो प्रसंग ज्याच्या समोर घडला त्याच्याकडून तो घेतला, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतला. प्रसंग कुठल्या गावी घडला, कोण हजर होते, काय खाल्ले, कोण काय म्हणाले, हे सगळे बारीकसारीक त्यात आहे. हजाराच्या वर लीळा, आणि त्यांतल्या कितीतरी अशा की ज्यांतून कसलाही उपदेश निघत नाही. कोणी घडा उचलला, कोणी रुसले, एवढेच. संकलकाला यातले काय पुढे उपयोगी पडेल हे ठाऊक नव्हते. म्हणून त्याने गाळले नाही. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर परंपरेने दोन्ही ठेवल्या. पुढे मूळ पोथी हरवली आणि ज्यांना पाठ होते त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली गेली, तेव्हाही वेगवेगळ्या पाठांची नावे राखली गेली. आजच्या भाषेत बोलायचे तर नोंदीबरोबर नोंद कुठून आली याचीही नोंद.

यानंतर केशिराजबासांनी जे केले ते या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांनी लीळांमधून चक्रधरांची वचने वेगळी काढली, विषयवार लावली आणि ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. दृष्टान्त वेगळे काढून ‘दृष्टान्तपाठ’ केला. पसरलेल्या आठवणींतून शोधता येईल, पाठ करता येईल, वादात मांडता येईल असे काहीतरी तयार झाले. नोंदीची माहिती झाली ती इथे. आणि लगोलग या क्रियेचा तोटाही उघडा पडला. संदर्भातून सुटलेले सूत्र कशाबद्दल होते, कोणाला उद्देशून होते, रागाने म्हटले होते की थट्टेने, हे कळेना. म्हणून मग ‘प्रकरणवश’ लिहावे लागले. कुठले सूत्र कुठल्या प्रसंगी निघाले ते सांगणारे. एकदा गाळलेला संदर्भ पुन्हा जोडण्यासाठी स्वतंत्र वाङ्मयप्रकार जन्माला यावा, यासारखे उदाहरण मला इतरत्र माहीत नाही. त्याच परंपरेतली ‘स्थानपोथी’ घ्या. चक्रधर कुठे राहिले, कुठे बसले, देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणत्या दिशेला, अशा दिशादर्शक नोंदींची ती जवळजवळ एक यादीच आहे. वाचायला रूक्ष, पण मध्ययुगीन महाराष्ट्राच्या भूगोलासाठी अमोल.

आता भाषेचा प्रश्न. केशिराज संस्कृतचे पंडित होते. पंथाचे तत्त्वज्ञान संस्कृतात गेले तर ते देशभर पोचेल, पंडितांच्या सभेत मान पावेल, ही इच्छा स्वाभाविक होती. त्यांनी ‘रत्नमाळा’ संस्कृतात रचलीही. नागदेवाचार्यांनी मात्र अडवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की स्वामींनी मला मराठीतच सांगितले, आणि तुम्ही संस्कृतात लिहिलेत तर माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील. ही गोष्ट आपण मराठी अभिमानाची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती तशी वाटत नाही. नागदेवाचार्यांनी संस्कृतला वाईट म्हटले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की हे लिहून झाल्यावर तपासणार कोण? ज्यांच्या आठवणींतून लीळा गोळा झाल्या त्यांत स्त्रिया होत्या, वृद्ध होते. माहितीची भाषा अशी निवडली की नोंद देणाऱ्यालाच ती वाचता येऊ नये, तर चूक दाखवणारा माणूस उरत नाही.

पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळा आणि तिच्यासारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले हा इतिहासाचा उपरोध म्हणावा लागेल. बायाबापड्यांसाठी मराठीत ठेवलेला मजकूर काही शतके बाहेरच्या मराठी माणसाला नुसत्या खुणांचा ढीग होऊन राहिला. माहितीची पुन्हा नोंद झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आदींनी लिपीचे कुलूप उघडले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, पुढे वि. भि. कोलते अशा विदर्भातल्याच संशोधकांनी संपादनाचे काम वाहिले. गेली चार-पाच दशके या विषयावरचा जगभरचा वाचक मात्र बहुधा अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या इंग्रजी पुस्तकांतून येतो. सूत्रपाठाचा त्यांचा अभ्यास १९८३चा, गोविंदप्रभूंच्या चरित्राचा अनुवाद १९८४चा. काम उत्तम आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण रिद्धपूरचा एखादा विद्यार्थी आज आपल्याच गावावरची चर्चा पुरती वाचू म्हणेल तर त्याला इंग्रजी लागते. मराठी भाषा विद्यापीठ त्याच गावात सुरू झाले असतानाही लागते.

वऱ्हाडात संस्कृतची जागा इंग्रजीने घेतली ती १८५३ नंतर, निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर. तेव्हापासून मुलखाच्या नोंदी मराठीत, मोडीत, फारसीत होत राहिल्या आणि त्यांची माहिती इंग्रजीत होत राहिली. कापूस हे सर्वांत मोठे उदाहरण. अमरावतीचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ झाले. वऱ्हाडी कापसाच्या जातीला व्यापारी तेच म्हणत. १८७०मध्ये खामगावची रेल्वे सुरू झाली, तारायंत्र आले, आणि खामगावच्या आवारातला भाव समुद्रापलीकडे कळू लागला. ज्या शेतकऱ्याचा कापूस गाडीत होता त्याला मात्र लिव्हरपूलचा भाव कळायला दलालाचे तोंड पाहावे लागे. हा विषय मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यापेक्षा कमी चर्चिलेल्या एका कागदाकडे वळायचे आहे.

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांची ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ म्हणजे १७९ भाषा आणि ५४४ बोलींचा प्रचंड पसारा. मराठीचा सातवा खंड १९०५चा, आणि तो प्रामुख्याने स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने सिद्ध केला. वऱ्हाडी त्यात आहे. वऱ्हाडचे तेव्हा सहा जिल्हे होते आणि एलिचपूर, म्हणजे आमचे अचलपूर, हा त्यांपैकी एक. खंड प्रसिद्ध झाला त्याच वर्षी तो जिल्हा मोडून अमरावतीत घातला गेला, हा निव्वळ योगायोग.

सर्वेक्षणाची पद्धत अशी. प्रत्येक बोलीतून तीन गोष्टी मागवायच्या. पहिली, बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या दृष्टान्ताचे त्या बोलीत भाषांतर. दुसरी, शक्यतो स्थानिक असा एखादा मजकूर. तिसरी, ठरावीक शब्द आणि वाक्यांची यादी. दृष्टान्तच का, याचे कारण ग्रिअर्सनने दिले आहे. त्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, बहुतेक विभक्ती येतात, क्रियापदाचे तिन्ही काळ येतात. शिवाय भारतीयांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मजकुरात किरकोळ फेरफार केले होते. मूळ कथेत मुलगा परतल्यावर पुष्ट वासरू कापले जाते, त्यामुळे हे फेरफार का लागले असतील हे सांगायला नको. नमुने गोळा केले सरकारी यंत्रणेने. म्हणजे साहेबाकडून कागद आला, कचेरीतल्या लिहिणाऱ्याने तो पाहिला, आणि वऱ्हाडात बाप-लेक असे बोलले असते तर कसे बोलले असते ते लिहून दिले.

या पद्धतीची टिंगल करणे सोपे आहे आणि ती बरेचदा केली जाते. मला ते अन्याय्य वाटते. तुलना करायची तर मजकूर एक हवा हे ग्रिअर्सनचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. ‘मला-तुला’ऐवजी ‘मले-तुले’ ही वऱ्हाडीची खूण, ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’, यांसारख्या गोष्टी एका मजकुरामुळेच कोकणीपासून हलबीपर्यंत शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. वऱ्हाडीकडे ‘गावंढळ मराठी’ म्हणून न पाहता नियम असलेली बोली म्हणून पाहणारे हे एक आरंभीचे मोठे काम आहे. ते परक्याने केले आणि परक्या भाषेत केले, ही त्याची उणीव असेल. पण आपण केले नव्हते ही त्याहून मोठी.

खरा आक्षेप दुसरीकडे आहे. दृष्टान्त ही सांगितलेली गोष्ट आहे. तिला सुरुवात आहे, शेवट आहे, पश्चात्ताप आहे. बोली जिथे जिवंत असते तिथले — भावाची घासाघीस, ढोरांना हाका, सासुरवाशिणीचा टोमणा, ‘काऊन बे’ मधला लाडिक दरारा — यांतले काही त्या साच्यात बसत नाही. दुसऱ्या नमुन्याने ही उणीव भरून निघावी अशी कल्पना होती, पण पानांचा मान पहिल्यालाच राहिला. म्हणजे वऱ्हाडीची शास्त्रीय नोंद जी झाली ती मुळात भाषांतराची नोंद होती. बोली काय करू शकते हे विचारले गेले नाही. इंग्रजी बायबल जे करते ते बोलीला जमते का, हे विचारले गेले. म्हाइंभटांची कृती याच्या उलट होती. त्यांनी साचा आधी केला नाही. दोन्ही पद्धतींना आपापला उपयोग आहे, पण पहिल्या पद्धतीत प्रश्न विचारणाऱ्याची भाषा उत्तरात मुरते हे वाचणाऱ्याने विसरता कामा नये. सर्वेक्षणाचा प्रस्तावना-खंड वाचला तर ग्रिअर्सन स्वतः हे विसरला नव्हता असे दिसते. सामान्य माणसाला आपल्या भाषेचे नाव विचारले तर सांगता येत नाही, नाव बहुधा शेजारी ठेवतात, असे त्याचे निरीक्षण आहे.

नाव विचारले की काय होते हे जनगणनेत पाहावे. २०११च्या गणनेत ‘मातृभाषा कोणती’ या प्रश्नाला देशभरातून १९,५६९ वेगवेगळी उत्तरे आली. छाननी होऊन त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या, १,४७४ नावे ‘अवर्गीकृत’ ठरली, आणि शेवटी दहा हजारांहून अधिक भाषकांच्या १२१ भाषांचा तक्ता छापला गेला. हा तक्ता ‘भारतात १२१ भाषा आहेत’ अशा वाक्याने वर्तमानपत्रांत येतो. १९,५६९ ही नोंद, १२१ ही माहिती. मधली चाळणी तक्त्यात दिसत नाही. वऱ्हाडी बोलणारा बहुतेक माणूस प्रगणकाला ‘मराठी’च सांगतो. एखाद्याने हट्टाने ‘वऱ्हाडी’ सांगितले तरी बेरीज मराठीच्याच रकान्यात होते, आणि राज्याच्या दृष्टीने त्यात वावगे नाही. वावगे होते ते वर्गात, ‘मले नाई समजलं’ म्हणणाऱ्या मुलाला ‘नीट मराठीत बोल’ असे सुनावले जाते तेव्हा. रकान्यात जो मराठी तो वर्गात अशुद्ध.

इंग्रजीच्या बाबतीत आकड्यांची गंमत याहून मोठी आहे. डेव्हिड क्रिस्टल यांचे ‘इंग्लिश अ‍ॅज अ ग्लोबल लँग्वेज’ हे पुस्तक १९९७चे, सुधारित आवृत्ती २००३ची. या विषयावर बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष याच पुस्तकातून बोलतो. त्यातला मुख्य विचार ठाम आणि पटण्यासारखा आहे. भाषा जगाची होते ती व्याकरण सोपे म्हणून नव्हे, शब्दसंपत्ती मोठी म्हणून नव्हे. ती बोलणाऱ्यांच्या हाती सत्ता असते म्हणून. आपल्याकडे ‘इंग्रजी लवचीक आहे, सर्वसमावेशक आहे म्हणून जिंकली’ असे जे निबंध लिहिले जातात त्यांना हे परस्पर उत्तर आहे. पण पुस्तकातला देशवार तक्ता पाहावा. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी वापरणारे भारतीय पहिल्या आवृत्तीत सुमारे ३ कोटी ७० लाख आहेत. दुसऱ्या आवृत्तीत ते २० कोटी झाले आहेत. सहा वर्षांत सोळा कोटी माणसे इंग्रजी शिकली असे कोणी म्हणणार नाही. मधल्या काळात बदलला तो अंदाजाचा आधार. पूर्वी लोकसंख्येच्या तीन ते पाच टक्के धरले जात. मग एका साप्ताहिकाच्या पाहणीने एकतृतीयांश लोक इंग्रजीत संभाषण करू शकतात असे म्हटले, आणि लेखकाने मधली कुठलीशी जागा पकडली. २००१च्या जनगणनेत पहिली, दुसरी, तिसरी भाषा मिळून इंग्रजी येणारे साडेबारा कोटी निघाले. २०११मध्ये सुमारे तेरा कोटी. मातृभाषा इंग्रजी सांगणारे त्यांत अडीच लाखांच्या आसपास.

‘येणारे’ म्हणजे काय? जनगणनेत लिहिता-वाचता यावे अशी अट नसते. समजून बोलता यावे एवढे पुरते, आणि ते येते की नाही हे घरचा माणूस सांगतो. कोणी परीक्षा घेत नाही. परीक्षा घेणारी ‘असर’ पाहणी घरोघर जाऊन मुलांसमोर इंग्रजी अक्षरे, शब्द आणि साधी वाक्ये ठेवते. २०२२मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या मुलांपैकी २४.५ टक्क्यांना आणि आठवीतल्या ४६.७ टक्क्यांना साधी वाक्ये वाचता आली. पाचवीचा आकडा सहा वर्षांपूर्वी जवळपास तेवढाच होता. महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी २०००मध्ये आणली. त्याआधी ती पाचवीत सुरू होई. वाचलेल्या वाक्याचा अर्थ कळला का, हे ‘असर’ वेगळे विचारते, आणि तो वेगळा प्रश्न ठेवला यासाठी त्या पाहणीचे कौतुक केले पाहिजे. आपल्या बहुतेक परीक्षा तो वेगळा ठेवत नाहीत. मूल ओळ खडाखड वाचते, गुण मिळतात, पालक खूश होतात. ध्वनीची नोंद झालेली असते, माहिती झालेली नसते.

पालकांना मात्र एक आकडा पक्का ठाऊक असतो, नेमका नसला तरी अंदाजाने: इंग्रजी आली की पगार वाढतो. त्याला आधार आहे. आझम, चिन आणि प्रकाश या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००५च्या मानवी विकास पाहणीतून, अस्खलित इंग्रजी येणाऱ्या पुरुषांची तासाची मिळकत इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा ३४ टक्के अधिक निघाली. थोडीफार येणाऱ्यांची १३ टक्के. हे दोन आकडे फार फिरतात. त्याच निबंधातला तिसरा निष्कर्ष फिरत नाही. तरुणांमध्ये हा फायदा फक्त जास्त शिकलेल्यांनाच मिळतो. कमी शिकलेल्या तरुणाला इंग्रजी आली म्हणून फारसे काही पदरात पडत नाही. वयस्कांच्या पिढीत तसे नव्हते. म्हणजे गणित, विज्ञान, इतिहास कच्चे ठेवून नुसती इंग्रजी पक्की करण्याचा जो व्यवहार आमच्या गल्लोगल्ली चालतो, त्याच्याविरुद्ध पुरावा त्याच निबंधात आहे. ३४ टक्क्यांची जाहिरात करणाऱ्याला तो वाचायचा नसतो, आणि फी भरणाऱ्याला तो वाचता येत नाही.

इथे दादासाहेब खापर्डे यांची आठवण होते. अमरावतीचे नामांकित वकील, टिळकांचे सहकारी (१८५४–१९३८). त्यांची रोजनिशी इंग्रजीत आहे. १९१०च्या डिसेंबरात आणि पुढे १९११-१२च्या मुक्कामात त्यांनी शिर्डीत जे पाहिले ते रोजच्या रोज टिपले; आज ‘शिर्डी डायरी’ म्हणून ते भाविक आणि अभ्यासक दोघेही वाचतात. साईबाबा बोलत मराठीत आणि हिंदुस्थानीत. वकीलसाहेब ते इंग्रजीत लिहीत. आणि मराठी वाचक ते पुन्हा मराठीत उलटवून वाचतो. मूळ शब्द मधेच कुठेतरी राहिले. पण या रोजनिशीत मला आवडते ती तिची अनिश्चितता. उठलो, प्रार्थना केली, अमक्याने पोथी वाचली, बाबा प्रसन्न होते, एक गोष्ट सांगितली, तिचा अर्थ मला नीट लागला नाही. ही शेवटची कबुली पुढच्या चरित्रांत दिसेनाशी होते. तिथे प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो. खापर्ड्यांच्या पिढीला इंग्रजी किती चांगली येत होती याचे आपण कौतुक करतो. माझ्या मते कौतुकाची गोष्ट अशी की त्यांनी ती भाषा नोंद करायला वापरली. दुसऱ्याने तयार करून ठेवलेली माहिती इंग्रजीतून घेणे आणि आपल्या डोळ्यांसमोरची गोष्ट इंग्रजीत लिहून ठेवणे ही दोन वेगळी शिक्षणे आहेत. आपली पाठ्यपुस्तके, शिकवण्या आणि नव्वद दिवसांचे वर्ग पहिल्यासाठी आहेत. दुसऱ्याचा धडा मला कुठे आढळला नाही.

परतवाड्याच्या वर घाट चढला की मेळघाट लागतो आणि हा प्रश्न आणखी एक पायरी खाली जातो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिची नातलग मंडळी झारखंडात. २०११मध्ये देशभरात ७ लाख २७ हजारांवर लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. म्हणजे इंग्रजी मातृभाषा सांगणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. कोरकू मुलासाठी प्रमाण मराठी ही पहिली परकी भाषा, इंग्रजी दुसरी. ‘अ‍ॅपल’ म्हणजे ‘सफरचंद’ हे समीकरण त्याला दोन्ही बाजूंनी पाठ करावे लागते आणि फळ चिखलदऱ्याच्या बाजारात कधीमधी दिसले तर दिसते. त्याचे इंग्रजीतले अपयश आपण इंग्रजीच्या नावावर मांडतो. ते इंग्रजीचे नाही. दोन अनोळखी शब्दांमध्ये बरोबरचे चिन्ह घातले की त्यातून अर्थ निघत नाही, मग त्यांतला एक शब्द मराठी का असेना.

बाजाराचे नाव निघाले म्हणून शेवटी एक तक्ता. अचलपूरच्या बाजार समितीत तूर, सोयाबीन येते. भाव रोज वर्तमानपत्रात असतात आणि सरकारी संकेतस्थळांवरही. इंग्रजी तक्त्यात तीन रकाने असतात : मिनिमम, मॅक्सिमम, मोडल. मराठी तक्त्यात तेच किमान, कमाल, सर्वसाधारण. पहिल्या दोहोंबद्दल तक्रार नाही. मोडल म्हणजे ज्या भावाला त्या दिवशी सर्वांत जास्त माल गेला तो भाव. ‘सर्वसाधारण’ वाचणारा मात्र किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनाने भागतो, आणि आपल्या तुरीला तेवढे मिळायला हवे होते असे समजून दिवसभर जळफळतो. मी हे दोन-चार पदवीधरांनाही विचारून पाहिले. एकाने ‘मोडल’ म्हणजे ‘मॉडेल’, आदर्श भाव, असे सांगितले. तो इंग्रजी माध्यमातला होता. ‘सर्वसाधारण’ म्हणजे काय हे अडत्याकडे काम करणाऱ्या पोऱ्याने बरोबर सांगितले. ‘ज्या भावानं लय गेली थे,’ तो म्हणाला, आणि पुढच्या ढिगाकडे वळला.